परदेशी भाडेकरू वाडीत रुळवताना

दापोलीत आमच्या माडीवर कृषी विद्यापीठाची मुलं राहतात, सध्या त्यात एक परदेशी. असा मुलगा आला की 24 तासांत ऑनलाइन नोंद घरमालकानंच करायची, विसरू नका. मग वाडीत ओळख. नुसतं 'हा अमुक देशाचा' सांगून भागत नाही, हाताला काम द्या. भजनात टाळ द्या. ताल चुकला तर बुवा बघून घेतात. शिमग्यात पालखीला खांदा द्यायला लावा, पण आधी मानकऱ्यांना विचारा आणि चपला काढायला सांगा. हर्णैच्या मासळी लिलावाला एकटं धाडू नका. आमच्याने उगीच मान डोलावली नि बांगड्यांची अख्खी टोपली गळ्यात पडली! चार घरी वाटली, त्यातूनच ओळखी झाल्या म्हणा.