यूएल९७ मध्ये बदल दिसला? थांबा जरा

सीएमव्हीच्या (सायटोमेगॅलोव्हायरस) ड्रग रेझिस्टन्सवर, म्हणजे औषधाला दाद न देण्यावर, काम सुरू करताय, म्हणजे पीसीआर आणि सँगर सिक्वेन्सिंग येतं असं धरून चालते. विषाणूच्या यूएल९७ जीनमधून बनणाऱ्या कायनेज एन्झाइमने पहिला फॉस्फेट जोडल्याशिवाय गॅनसायक्लोव्हिर हे सीएमव्हीवरचं औषध कामाला लागत नाही, हेही वाचलं असेल. म्हणूनच म्युटेशन बहुधा आधी तिथे येतं, यूएल५४ पॉलिमरेजमध्ये नंतर.

आता खड्डा. मी त्यात पडलेय, म्हणून लांबण लावते. सिक्वेन्स एडी१६९ शी जुळवला की फरक निघणारच. एडी१६९ हा वर्षानुवर्षं लॅबमध्ये वाढवलेला स्ट्रेन. फरक मोजायला बरा, पण त्याच्याहून वेगळं ते सगळं बिघडलेलं असं नाही. कोडॉन ५९० ते ६०७ हा तर बदनाम पट्टा. तिथे काही दिसलं की रिपोर्टवर ‘रेझिस्टंट’ लिहायला हात शिवशिवतात. पण डी६०५ई (६०५व्या जागी डी ऐवजी ई हे अमिनो आम्ल) बघा: त्याच पट्ट्यात बसतो, पूर्व आशियातल्या स्ट्रेन्समध्ये सर्रास सापडतो, आणि गॅनसायक्लोव्हिरला त्याने काही होत नाही. ए५९४व्ही मात्र खरा रेझिस्टंट. सी५९२जी मधलाच, थोडासाच रेझिस्टन्स देणारा. म्हणजे नुसत्या जागेवरून काहीच ठरत नाही. तो एकच बदल लॅब स्ट्रेनमध्ये घालून ईसी५० (विषाणूची वाढ निम्मी करायला लागणारं औषधाचं प्रमाण) मोजलाय का, ते मूळ पेपरात शोधा. ‘रुग्णात सापडला’ हा पुरावा नव्हे. उपचाराआधीचं सॅम्पल फ्रीझरमध्ये असेल तर तेही वाचा. बदल तेव्हाही असेल तर औषधाने निवडलेला नाही.

इथे चुकलात तर चालू शकणारं गॅनसायक्लोव्हिर बंद होतं आणि नवी किडनी बसवलेल्या माणसाला फॉस्कारनेट हे दुसरं औषध लागतं, जे किडनीवरच उठतं.

सीनिअरकडून आलेली म्युटेशनची एक्सेल शीट? माझ्या मते फेकून द्या. ‘हे कशावरून?’ असं विचारणारा गाइड मिळाला तर त्याला सोडू नका, कितीही खडूस असो.

मॅरिबाव्हिर या सीएमव्हीवरच्या आणखी एका औषधाने गोंधळ वाढलाय. ते यूएल९७ लाच अडवतं, त्यामुळे गॅनसायक्लोव्हिरसोबत देत नाहीत. टी४०९एम, एच४११वाय हे त्याला रेझिस्टन्स देणारे बदल. सी४८०एफ दोन्ही औषधांना नडतो.

सिक्वेन्सच्या आलेखात एकाच जागी दोन पीक (शिखरं) दिसले तर घाबरू नका, बहुतेक वेळा ते मिश्र विषाणू असतात. त्या मिश्रणात साधारण २० टक्क्यांहून कमी असलेला विषाणू सँगरला दिसतच नाही. आणि उपचाराच्या पहिल्या दोन आठवड्यांत व्हायरल लोड वाढला म्हणून कुणी घाईने सॅम्पल पाठवलं, तर आधी वॉर्डला फोन करून गॅनसायक्लोव्हिर कधी सुरू केलं ते विचारा; इतक्या लवकरची वाढ म्हणजे सहसा रेझिस्टन्स नसतो.