देवदूतांचा अभ्यास पंखांपासून सुरू करू नका

मिरजेत दर्ग्याजवळच्या एका बोळात आम्ही भाड्यानं राहायचो. शेजारच्या चाची नमाज संपवताना आधी उजव्या खांद्याकडे मान वळवायच्या, मग डाव्या, आणि दोन्हीकडे पुटपुटत सलाम करायच्या. "कुणाला हो, चाची?" मी लहानपणी विचारलं होतं. "लिहिणाऱ्यांना. उजवीकडचा चांगलं लिहितो, डावीकडचा वाईट."

पुढे सांगलीत तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. करताना प्रबंधिकेला मी हाच, देवदूतांचा, विषय घेतला. धर्मांच्या तौलनिक अभ्यासाकडे वळणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असं, की चित्रं बाजूला ठेवा आणि शब्द धरा. हिब्रूतला 'मलाख', ग्रीकमधला 'अँगेलोस', अरबीतला 'मलक' या सगळ्यांच्या मुळाशी निरोप घेऊन जाणं आहे. फारसी 'फिरिश्ता' म्हणजे धाडलेला. आपल्या 'प्रेषित'चा तो भाऊबंदच.

बायबलातल्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाचा ३२वा अध्याय उघडा. याकोबाला वाटेत देवाचे मलाख भेटतात, आणि लगेच पुढे तो स्वतः भावाकडे माणसं पाठवतो, त्यांनाही शब्द मलाखच. अनुवादात एक 'देवदूत' होतो, दुसरा साधा जासूद. हे कळल्यावर मी हिब्रू लिपी शिकायला घेतली. भाषा यायला वर्षं लागतात, पण अक्षरं पंधरा दिवसांत ओळखीची होतात आणि तेवढ्यानंही अनुवादामागे डोकावता येतं.

१८व्या अध्यायात अब्राहामाकडे तिघं येतात. तो त्यांचे पाय धुवायला पाणी मागवतो, वासरू रांधायला लावतो, दूध-दही पुढे ठेवतो. पंखांचा उल्लेखही नाही. पंख आहेत ते यशया संदेष्ट्याच्या दर्शनातल्या सहापंखी सेराफांना, आणि करूबांना. पण ते निरोप पोचवणारे नव्हेत, सिंहासनाभोवतीचे आणि राखणदार. ख्रिस्ती चित्रशिल्पांतही पंखवाले देवदूत साधारण चौथ्या शतकाच्या अखेरीपासून दिसू लागतात. कुराणाच्या ३५व्या सूरेत, म्हणजे अध्यायात, मात्र दोन, तीन, चार पंखांचे दूत सुरुवातीलाच येतात.

नावांचंही तसंच. हिब्रू बायबलात देवदूतांची म्हणून गब्रिएल आणि मीखाएल ही नावं फक्त दानीएलच्या पुस्तकात येतात, आणि ते पुस्तक उशिराचं. इ.स.पू. ५८६ मध्ये जेरुसलेम पडलं, ज्यू बाबिलोनला नेले गेले, मग इराणी सत्ता आली. जरथुश्त्राच्या धर्मातल्या अमेशा स्पेंता आणि यजत या दिव्य शक्तींचा इथे किती प्रभाव पडला, यावर अभ्यासक अजून भांडतात. या वादात नवख्यानं घाईनं बाजू घेऊ नये.

मी घाई केली होती. पहिल्या खर्ड्यात सरळ लिहिलं: किरामन कातिबीन, म्हणजे चाचींच्या खांद्यांवरचे ते दोघं लिहिणारे, हे इस्लाममधले चित्रगुप्त. मार्गदर्शकांनी त्या ओळीवर लाल पेनानं आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं, "वही कुणासाठी?" तेवढ्या दोन शब्दांवर मी आठवडाभर बसलो. चित्रगुप्त यमाच्या दरबारात बसून सगळ्यांचा हिशेब ठेवतो आणि त्यावरून पुढची गती ठरते. चाचींचे दोघं त्यांच्या एकट्यांचेच, आणि ती वही एकदाच, कयामतीच्या दिवशी उघडायची. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक दूतासमोर तीन रकाने असतात: धाडलं कुणी, कुणाकडे, कशासाठी. ऋग्वेदातला अग्नीही तिथे आहे, कारण 'अग्निं दूतं वृणीमहे' म्हणताना ऋषी त्यालाच दूत म्हणून निवडतात. इथे निरोप माणसाकडून देवांकडे जातो, उलट दिशेनं.

सुरुवातीच्या वाचनाला मराठी विश्वकोशासारखा दुसरा आधार नाही. आपल्या शेजारी वाईत तो घडला, याचा मला अभिमान आहे. पाली त्रिपिटकातलं देवदूतसुत्त मात्र सोडू नका. तिथे यम मेलेल्या माणसाला विचारतो, माझे दूत तुला दिसले नाहीत का? त्या दूतांत म्हातारा आहे, आजारी आहे, प्रेत आहे. हे वाचून मी मिरजेच्या दवाखान्यांसमोरून चालत घरी आलो तेव्हा बाकांवर बसलेल्या माणसांकडे नीट पाहवेना.

प्रबंधिका झाल्यावर चाचींना भेटायला गेलो. ५०व्या सूरेतली ओळ वाचून दाखवली: माणूस शब्द उच्चारतो तेव्हा त्याच्यापाशी 'रकीब अतीद', लक्ष ठेवणारा, सज्ज असा कुणी असतोच. चाचींनी माझा 'क' दोनदा घशातून म्हणवून घेतला. तिसऱ्यांदा जमला.