मिसिसिपीवर लिहिताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या राज्याचं नाव मिसिसिपी, त्याच्या पश्चिमेच्या नदीचंही मिसिसिपी. स्पेलिंगमध्ये चार एस आणि चार आय; पण लिहिणारा अडकतो तो भूगोलात.

सगळ्यात पक्की चूक आपल्या शाळेतच रुजलेली आहे. डेल्टा म्हणजे त्रिभुज प्रदेश, हे आपण घोकलेलं. त्यामुळे 'मिसिसिपी डेल्टा' दिसलं की हात आपोआप 'नदीच्या मुखाजवळचा त्रिभुज प्रदेश' असं लिहून मोकळा होतो. पण विषय ब्लूज संगीताचा किंवा कापसाच्या मळ्यांचा असेल, तर हा डेल्टा समुद्रापासून खूप आत, राज्याच्या वायव्येला असतो. पश्चिमेला मिसिसिपी नदी, पूर्वेला याझू नदी, मधे गाळाची सपाट जमीन. १९२७च्या महापुरात ग्रीनव्हिलच्या वर बांध फुटून बुडाला तो हाच. नदीचा खरा त्रिभुज प्रदेश लुइझियानात, न्यू ऑर्लिन्सच्याही खाली आहे. पहिल्याला निमूटपणे 'डेल्टा'च म्हणावं, भाषांतराच्या फंदात पडू नये.

जॅक्सन या राजधानीला मिसिसिपीकाठी बसवू नका. ती पर्ल नदीवर आहे. २०२२ साली जॅक्सनचा पाणीपुरवठा कोलमडला तेव्हा पूर आला होता तो पर्लला.

नकाशात राज्याची पश्चिम सीमा नदी सोडून भलतीकडेच वळसे घेताना दिसली, तर नकाशा चुकलाय असं समजू नका. नदीने काठ हळूहळू कुरतडला तर सीमा तिच्याबरोबर सरकते. एखादं वळण तोडून ती अचानक नव्या वाटेने गेली, तर सीमा जुन्या पात्रातच राहते. म्हणून शेजारच्या राज्यांचे काही तुकडे आज 'चुकीच्या' काठावर आहेत.

व्हिक्सबर्गची गंमत याहून वरची. अमेरिकी यादवी युद्धात मिसिसिपीच्या वळणावरच्या या शहराच्या तोफा चुकवण्यासाठी उत्तरेचा सेनापती ग्रँट याच्या सैनिकांनी वळणाच्या बुडाशी कालवा खणून पाहिला. तो फसला. शहर पडलं ते वेढ्यानंतर, ४ जुलै १८६३ला. पुढे १८७६मध्ये नदीने स्वतःच ते वळण तोडलं आणि बंदर कोरडं पाडलं! मग याझूचं पाणी कालव्याने वळवून १९०३मध्ये शहरापुढे आणलं. त्यामुळे जुन्या व्हिक्सबर्गच्या धक्क्यावरचा फोटो टाकून खाली 'मिसिसिपी' लिहिण्याआधी थांबा. समोर दिसतंय ते याझूचं पाणी.

राहता राहिलं नाव. राज्यात चोक्टॉ, चिकसॉ, नाचेझ हे मूलनिवासी लोक राहत, म्हणून नाव त्यांच्या भाषेतलं असणार, हा अंदाजही फसवा. ते आलं पार उत्तरेकडून, ओजिब्वे लोकांच्या भाषेतून. नदीचा उगमही तिकडेच, मिनेसोटातल्या इटास्का सरोवरात. फ्रेंचांनी ते नाव प्रवाहाबरोबर खाली आणलं. अर्थ मात्र आपल्याला सांगावा लागत नाही: महानदी.