सांध्याच्या इम्प्लांटचं सिम्युलेशन करताय? या चुका टाळा

फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअर (वस्तूचे छोटे तुकडे पाडून भाराखाली काय होतं ते मोजणारं) मागाल ते रंगीत चित्र काढून देतं. नवशिक्यांना लाल-निळं काही दिसलं की उत्तर हाती आल्यासारखं वाटतं.

मला सगळ्यात छळणारी चूक म्हणजे हाड आणि हिप स्टेम (कृत्रिम खुब्याचा मांडीच्या हाडात बसणारा दांडा) यांच्यातला संपर्क 'बॉन्डेड', म्हणजे घट्ट चिकटलेला, ठेवणं. का, तर सॉल्व्हरला (सॉफ्टवेअरच्या गणित सोडवणाऱ्या भागाला) उत्तर पटकन मिळतं! सिमेंटविना ठोकून बसवलेला स्टेम सुरुवातीला हाडाला चिकटलेला नसतोच, चालताना तो किंचित सरकतो. ही हालचाल साधारण 40 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत राहिली तर हाड त्याला धरतं. 150 च्या पुढे गेली तर मध्ये तंतुमय ऊती वाढते आणि स्टेम सैल होतो.

एक विद्यार्थी असाच काही स्टेमची तुलना घेऊन आला होता. सगळ्यांत हालचाल शून्य, आणि स्लाइडवर ठळक अक्षरांत 'उत्कृष्ट स्थैर्य'. सरकायला बंदी घातल्यावर सरकणार काय, कपाळ? त्याला घर्षण टाकायला लावलं, गुणांक 0.3. मॉडेल कन्व्हर्ज होईना, म्हणजे उत्तर स्थिरावेना, तसा तो परत बॉन्डेडवर जायची परवानगी मागू लागला. दिली नाही. भार छोट्या टप्प्यांत दिल्यावर सुटलं. हाडावर चांगला भार पोचवतो म्हणून ज्या लवचीक स्टेमला त्याने पहिला नंबर दिला होता, तोच सर्वांत जास्त सरकत होता. स्टेम लवचीक केला की संपर्कपृष्ठावरचा शिअर (पृष्ठं एकमेकांवर सरकवू पाहणारा ताण) वाढतो, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

मेश (मॉडेलच्या तुकड्यांची जाळी) बारीक करत जावं तसा स्ट्रेस (ताण) वाढतच गेला, तर तो आकडा धारदार कोपऱ्याचा किंवा फिक्स केलेल्या नोडचा (जाळीतल्या बिंदूचा) असतो. तो रिपोर्टात घालू नका.

एकके: मिलिमीटर-न्यूटनमध्ये टायटॅनियम मिश्रधातूचा मॉड्युलस (ताठरपणाचा आकडा) 1,10,000 असतो, गिगापास्कलमधला 110 नव्हे. हसू नका, अजून दिसतं हे.

भार म्हणून नुसतं शरीराचं वजन देणारेही भेटतात. चालताना हिपवर वजनाच्या सुमारे अडीच पट बल येतं, आणि त्यातला मोठा वाटा स्नायूंचा असतो. ॲब्डक्टर (पाय बाजूला नेणारे स्नायू) वगळलात तर फीमरचं (मांडीच्या हाडाचं) वाकणंच चुकतं.

पॉलिएथिलीनचा लायनर (कृत्रिम खुब्याच्या वाटीतलं अस्तर) निव्वळ लवचीक, म्हणजे भार काढला की मूळ आकारात परतणारा, धरू नका, तो कायमचा दबतो.

मी रंग बघण्याआधी रिॲक्शन फोर्सची (आधारांनी उलट दिलेल्या बलांची) बेरीज दिलेल्या भाराशी ताडते, मग विरूपण (आकारातला बदल) खऱ्या प्रमाणात चालवून पाहते. स्टेम हाडाच्या आरपार जाताना दिसला, की स्ट्रेसचा प्लॉट उघडायचं कामच उरत नाही.