होम रन आणि वॉक यांच्या मागे: बेसबॉल फलंदाजाची ताकद व पारख आकड्यांतून कशी ओळखावी

मेजर लीग बेसबॉलमधील एखाद्या फलंदाजावर अहवाल लिहायला घेतला की दोन प्रश्न सर्वांत आधी समोर येतात. त्याच्या फटक्यात ताकद किती आहे, आणि कोणता चेंडू मारायचा व कोणता सोडायचा याची त्याला पारख किती आहे. गेली काही वर्षे मी याच दोन प्रश्नांचा अभ्यास करत आलो आहे. या कामात नव्याने येऊ पाहणाऱ्यांना मी सुरुवातीलाच सांगतो की होम रन (धावेसाठी गाठायचे चारही थांबे, म्हणजे बेस, एका फटक्यात मिळवून देणारा फटका) आणि वॉक (चार चुकीचे चेंडू सोडल्याने मिळणारा पहिला बेस) हे निकाल आहेत, तर ताकद आणि पारख या निकालामागच्या क्षमता आहेत. निकालात पिचर (चेंडू टाकणारा), मैदान, क्षेत्ररक्षक आणि योगायोग या सर्वांचा वाटा असतो. तो बाजूला काढत फलंदाजाच्या स्वतःच्या वाट्यापर्यंत पोहोचणे हे विश्लेषकाचे काम आहे.

क्रिकेटच्या सवयीने बेसबॉल पाहणाऱ्याला एक फरक आधी मनात पक्का करावा लागतो. क्रिकेटमध्ये ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडल्याने फलंदाज केवळ सुरक्षित राहतो. बेसबॉलमध्ये स्ट्राइक झोनबाहेरचे, म्हणजे मारण्याजोग्या मानलेल्या काल्पनिक चौकटीबाहेरचे, चार चेंडू सोडले की त्याला पहिला बेस मिळतो. म्हणजे येथे सोडलेल्या चेंडूलाही थेट किंमत आहे. बॅटिंग ॲव्हरेज या जुन्या मापात मात्र ही किंमत धरलीच जात नाही, कारण त्यात हिट्सना (फटका मारून बेस गाठण्याच्या वेळांना) ॲट-बॅटच्या संख्येने भागतात आणि वॉक मिळालेली खेळी ॲट-बॅटमध्ये मोजतच नाहीत. वॉक धरून फलंदाज कितीदा बेसवर पोहोचला हे मोजणारी ऑन-बेस पर्सेंटेज ही उणीव भरून काढते, आणि स्लगिंग पर्सेंटेज प्रत्येक ॲट-बॅटमागे फटक्यांनी किती बेस मिळाले ते सांगते.

या तीन मापांतला फरक समजण्यासाठी मी नेहमी दोन हंगाम शेजारी ठेवतो. २०१७ मध्ये टेक्सास रेंजर्सच्या जोई गॅलोने ४४९ ॲट-बॅटमध्ये ९४ हिट्स मिळवल्या; ॲव्हरेज ०.२०९, पण त्या हिट्सपैकी ४१ होम रन होते आणि सिंगल्स (एका बेसचे फटके) अवघ्या ३२. २०२३ मध्ये मायामी मार्लिन्सच्या लुईस अराएझने ०.३५४ ॲव्हरेजने नॅशनल लीगचा बॅटिंग किताब जिंकला, पण त्याचे होम रन १० होते. गॅलोचे ऑन-बेस ०.३३३ आणि स्लगिंग ०.५३७; अराएझचे अनुक्रमे ०.३९३ आणि ०.४६९. ऑन-बेस व स्लगिंगची बेरीज, म्हणजे ओपीएस, दोघांचीही ०.८६ ते ०.८७ च्या दरम्यान येते. इतके वेगळे दोन फलंदाज एकाच आकड्यावर येऊन थांबत असतील, तर फलंदाज कसा आहे हे त्या आकड्यातून कळत नाही, हे उघड आहे.

ओपीएसमध्ये आणखी एक दोष आहे. ती दोन्ही घटकांना समान वजन देते, पण धावा होण्याच्या दृष्टीने ऑन-बेसचा एक अंश स्लगिंगच्या एका अंशापेक्षा बराच अधिक मोलाचा असतो. स्लगिंगच्या हिशेबात होम रन सिंगलच्या चौपट आहे, तर प्रत्यक्ष धावांच्या हिशेबात तो सिंगलच्या दुपटीहून थोडाच अधिक भरतो. बेसबॉल विश्लेषक टॉम टँगो यांनी मांडलेली वेटेड ऑन-बेस ॲव्हरेज ही वजने प्रत्यक्ष सामन्यांतील धावांवरून ठरवते. एकूण योगदान एका आकड्यात सांगायचे असेल तेव्हा मी तीच वापरतो.

ताकद वेगळी काढण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आयसोलेटेड पॉवर, अर्थात स्लगिंगमधून ॲव्हरेज वजा करणे. उरतात ते केवळ डबल, ट्रिपल (दोन व तीन बेसचे फटके) आणि होम रनमुळे मिळालेले जादा बेस. ही कल्पना नवी नाही. ब्रुकलिन डॉजर्स संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी १९४७ मध्ये ॲलन रॉथ यांना संघाचे सांख्यिकीतज्ज्ञ म्हणून नेमले होते, आणि १९५४ साली रिकींनी ‘लाइफ’ नियतकालिकात जे सूत्र मांडले त्यात जादा बेसचा असाच स्वतंत्र हिशेब होता. गॅलोचा आकडा ०.३२७ येतो, अराएझचा ०.११५, येथे दोघे अखेर वेगळे दिसतात. तरीही हा निकालच आहे. डेन्व्हरचे कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे आणि तेथील विरळ हवेत चेंडू दूर जातो, त्यामुळे तेथे खेळणाऱ्या फलंदाजाचा हा आकडा फुगलेला असतो. शिवाय चपळ फलंदाज धावण्याच्या बळावर सिंगलचा डबल करतो, आणि तोही ताकद म्हणून नोंदला जातो.

२०१५ पासून सर्व मेजर लीग मैदानांवर आलेल्या स्टॅटकास्ट प्रणालीने हा प्रश्न बराच सोडवला. बॅटवरून निघालेल्या चेंडूचा वेग आणि उभा कोन प्रत्येक फटक्यासाठी मिळू लागला. ताशी ९५ मैल किंवा त्याहून अधिक वेगाच्या फटक्याला हार्ड-हिट म्हणतात. पण वेग एकटा पुरेसा नाही, कारण जमिनीत मारलेला ताशी ११० मैलांचा चेंडूही बहुधा इनफिल्डरच्या (बेसजवळच्या क्षेत्ररक्षकाच्या) हातात जातो. म्हणून ‘बॅरल’ ही श्रेणी महत्त्वाची आहे: ताशी ९८ मैल वेगाला २६ ते ३० अंशांचा कोन लागतो, आणि वेग वाढत जाईल तशी कोनाची मर्यादा दोन्ही बाजूंनी रुंदावते. अशा वेगाच्या व कोनाच्या फटक्यांवर किमान ०.५०० ॲव्हरेज आणि १.५०० स्लगिंग मिळालेले आहे, यावरूनच ही व्याख्या ठरवण्यात आली.

येथे भाजक नीट पाहण्याचा माझा फार आग्रह असतो. बॅरलचे प्रमाण कधी बॅटला लागलेल्या चेंडूंमागे दिलेले असते, कधी प्लेट अपिअरन्समागे (वॉकही धरून फलंदाज खेळायला आलेल्या एकूण वेळांमागे). गॅलो त्या हंगामात ५३२ प्लेट अपिअरन्सपैकी १९६ वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाला. अशा फलंदाजाचा पहिला आकडा त्याच्या बॅटमधली ताकद सांगतो, तर दुसरा ती ताकद मैदानावर कितीदा उतरते ते सांगतो. दोन्ही आवश्यक आहेत, आणि अहवालात कोणता दिला आहे हे लिहिलेच पाहिजे.

पारखेचा विषय मला अधिक प्रिय आहे, कारण तेथे घाईने केलेला निष्कर्ष फार सहज फसतो. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या बॅरी बाँड्सला २००४ मध्ये २३२ वॉक मिळाले आणि त्याचे ऑन-बेस ०.६०९ होते, दोन्ही एका हंगामाचे विक्रम आहेत. मात्र त्या वॉकपैकी १२० हेतुपुरस्सर दिलेले होते, म्हणजे त्याला खेळवायचेच नाही असे प्रतिस्पर्ध्याने ठरवले होते. ते वजा केले तरी उरलेल्या ४९७ प्लेट अपिअरन्समध्ये ११२ वॉक, म्हणजे सुमारे साडेबावीस टक्के, उरतात, आणि हेही विलक्षणच आहे. पण या उरलेल्या वॉकमध्येही त्याच्या ०.८१२ स्लगिंगच्या धाकाचा वाटा आहे. पिचर घाबरून कडेला चेंडू टाकतो, तेव्हा सोडण्याजोगे चेंडू आपोआप वाढतात. ताकद अशा रीतीने वॉक निर्माण करते, म्हणून नुसत्या वॉकच्या टक्केवारीवरून पारख ठरवता येत नाही.

त्यासाठी प्रत्येक चेंडूवर घेतलेला निर्णय पाहावा लागतो. झोनबाहेरच्या चेंडूंपैकी किती चेंडूंवर फलंदाजाने बॅट फिरवली हे प्रमाण, ज्याला चेस रेट म्हणतात, येथे पायाभूत आहे. २०१८ च्या शिकागो कब्जच्या हाव्हिएर बाएझला ३४ होम रन असूनही ६४५ प्लेट अपिअरन्समध्ये केवळ २९ वॉक मिळाले, कारण पिचरने बाहेर टाकलेला चेंडू तो स्वतःच मारायला जात असे. त्याचे स्लगिंग ०.५५४ होते आणि तो हंगाम उत्तम होता, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. पारख कमी असूनही फलंदाज मोठा हंगाम खेळू शकतो, पण त्याला पिचरच्या चुकांवर आणि स्वतःच्या विलक्षण हातांवर अधिक विसंबावे लागते.

कमी चेस रेट म्हणजे चांगली पारख, हे समीकरणही अपुरे आहे. जो फलंदाज बॅटच क्वचित फिरवतो त्याचा चेस रेटही कमीच असतो. म्हणून बेसबॉल सॅव्हंट या मेजर लीगच्या आकडेवारीच्या संकेतस्थळावर चेंडूच्या जागेची जी चार भागांत विभागणी केलेली आहे, म्हणजे हार्ट, शॅडो, चेस (झोनबाहेर थोडा दूर) आणि वेस्ट (फारच दूर), ती नवअभ्यासकाने लवकर आत्मसात करावी. हार्टमधला, म्हणजे झोनच्या गाभ्यातला चेंडू सोडणे ही चूक आहे, आणि वॉकच्या आकड्यात ती कधीच दिसत नाही. शॅडो भागात, झोनच्या कडेवर, सोडणे योग्य की मारणे योग्य हे काउंटवर, म्हणजे तोवर झालेल्या बॉल (सोडलेले झोनबाहेरचे चेंडू) व स्ट्राइक यांच्या संख्येवर, अवलंबून असते. तीन बॉल व शून्य स्ट्राइक असताना कडेचा चेंडू सोडणारा आणि दोन स्ट्राइक असताना तोच चेंडू कसाबसा फाउल करणारा, म्हणजे खेळाच्या हद्दीबाहेर मारणारा, फलंदाज एकच असू शकतो, आणि दोन्ही वेळा त्याचा निर्णय बरोबर असतो. काउंटनुसार वेगळा न केलेला चेस रेट मी अंतिम पुरावा मानत नाही.

स्ट्राइकआउट आणि पारख यांचीही गल्लत होऊ देऊ नये. २०२४ मध्ये ॲरन जजने ५८ होम रन आणि १३३ वॉक मिळवले, आणि तो १७१ वेळा स्ट्राइकआउट झाला. योग्य चेंडूवर बॅट फिरवूनही ती हुकू शकते. तो संपर्काचा प्रश्न आहे, निर्णयाचा नव्हे.

प्रत्यक्ष काम सुरू करण्यासाठी बेसबॉल सॅव्हंटवरून एका फलंदाजाच्या एका हंगामाचे प्रत्येक चेंडूचे तक्ते उतरवून घ्यावेत. ते विनामूल्य मिळतात. पायथनमधील पायबेसबॉल किंवा आर भाषेतील बेसबॉलआर या साधनांनी हेच काम पुढे सोपे होते, परंतु पहिला हिशेब साध्या स्प्रेडशीटमध्ये हाताने करावा, असे माझे ठाम मत आहे. तक्त्यात झोनच्या रकान्यात १ ते ९ हे आतले आणि ११ ते १४ हे बाहेरचे भाग असतात. बंटचे, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हलकेच टेकवण्याचे, प्रयत्न हिशेबातून वगळावेत. २०१७ पासून हेतुपुरस्सर वॉक केवळ खुणेने दिला जातो, पण २०१५ व २०१६ मध्ये ते चार चेंडू खरोखर टाकले जात. ते वगळले नाहीत तर चेस रेट खोटाच कमी दिसतो.

नमुन्याच्या आकाराबद्दल बेसबॉल विश्लेषक रसेल कार्लटन यांचे काम वाचण्याजोगे आहे. त्यांच्या अभ्यासानुसार स्ट्राइकआउटचे प्रमाण सुमारे ६० प्लेट अपिअरन्समध्ये आणि वॉकचे सुमारे १२० मध्ये विश्वासार्ह होऊ लागते. होम रनला सुमारे १७० लागतात, आणि बॅटिंग ॲव्हरेजला पूर्ण हंगामही पुरत नाही. फटक्याच्या वेगाचे मात्र वेगळे आहे. ताशी ११५ मैलांचा एकच फटकाही बरेच काही सांगतो, कारण तेवढा वेग योगायोगाने येत नाही.

संघांच्या विश्लेषण विभागात शिरू पाहणाऱ्याने नमुना म्हणून एकच अहवाल, पण पूर्ण, तयार करावा. हुआन सोटोसारखा फलंदाज त्यासाठी चांगला आहे: २०२१ मध्ये १४५ वॉक व २९ होम रन, २०२४ मध्ये १२९ वॉक व ४१ होम रन. ताकद वाढली तेव्हा चेंडूचा वेग वाढला की कोन बदलला, हार्टमधले चेंडू तो अधिक मारू लागला का, आणि पिचरांनी त्याला झोनमध्ये कमी चेंडू टाकले का, या तीन प्रश्नांची उत्तरे काउंटनुसार तक्त्यांसह द्यावीत, आणि प्रत्येक तक्त्याखाली भाजक लिहावा.