क्लॉस्ट्रिडियमची प्रजाती कशी ठरवावी

ऑक्सिजनविरहित वातावरणात वाढणारा, ग्रॅम रंजनात (जीवाणूंचे गट ओळखण्यासाठी रंग देण्याच्या पद्धतीत) जांभळा दिसणारा आणि बीजाणू तयार करणारा दंडाकार जीवाणू आढळला की त्याची ‘क्लॉस्ट्रिडियम’ अशी नोंद करण्याची सवय जुनी आहे. परंतु या लक्षणांवरून शोधाची दिशा मिळते, प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट (जीनस), ठरत नाही. प्राझमोव्स्की यांनी १८८० मध्ये दिलेल्या या नावाखाली पुढे दूरदूरचे जीवाणू जमा झाले होते. १९९४ मध्ये कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी १६एस आरआरएनए या, जीवाणूंमधील नाते दाखवणाऱ्या जनुकाच्या आधारे या गोतावळ्याची १९ समूहांत मांडणी केली, तेव्हा तो विस्कळीतपणा स्पष्ट झाला.

प्रथम शुद्ध संवर्ध, म्हणजे एकाच जीवाणूची वाढ, मिळवावा. एकाच वसाहतीतून दोन प्लेटांवर लावणी करून एक विनॉक्सी (ऑक्सिजन नसलेल्या) जारमध्ये आणि दुसरी उघड्या हवेत ठेवावी. हवेत थोडी वाढ दिसली, तरी घाईने नमुना बाद करू नये, कारण क्लॉस्ट्रिडियम टर्शियमसारख्या जाती हवा सहन करतात. ग्रॅम रंजन कोवळ्या संवर्धाचेच करावे. जुन्या पेशी रंग सोडतात आणि गुलाबी दिसून दिशाभूल करतात. धनुर्वाताच्या जीवाणूत टोकाला गोल बीजाणू असल्याने पेशी ढोल वाजवण्याच्या काठीसारखी दिसते. वायुकोथाच्या (ऊती सडून त्यांत वायू साठण्याच्या रोगाच्या) क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्समध्ये मात्र प्रयोगशाळेतील नेहमीच्या माध्यमावर बीजाणू क्वचितच सापडतात, म्हणून ते न दिसणे हा नकाराचा पुरावा मानू नये.

यानंतर १६एस जनुकाचा शक्य तितका पूर्ण, म्हणजे सुमारे १५०० क्षारकांचा क्रम घेऊन त्याची तुलना प्ररूप वाणांशी (प्रत्येक जातीच्या अधिकृत नमुन्यांशी) करावी. संगणकाने सर्वांत वर दाखवलेले नाव उचलण्याची चूक येथे वारंवार होते. प्रजातीची प्ररूप जाती, म्हणजे जिच्याशी प्रजातीचे नाव बांधलेले असते ती जाती, क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम आहे, त्यामुळे आपला जीवाणू वंशवृक्षात तिच्याच समूहात, म्हणजे पहिल्या समूहात, बसतो का, हाच निर्णायक प्रश्न ठरतो. धनुर्वाताचा जीवाणू आणि परफ्रिंजेन्स तेथे बसतात. आतड्याचा संसर्ग करणारा डिफिसिल अकराव्या समूहात, वेगळ्या कुलात गेला आणि २०१६ मध्ये त्याला ‘क्लॉस्ट्रिडिऑइडिस’ ही प्रजाती मिळाली; दवाखान्यांत रुळलेले ‘सी. डिफिसिल’ हे लघुरूप त्यामुळे टिकले, आणि हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

जाती ठरवताना संपूर्ण जीनोमची सरासरी समरूपता, म्हणजे दोन जीनोमचे क्रम सरासरी किती टक्के जुळतात ते, पाहावी. ९५ ते ९६ टक्के ही प्रचलित सीमा आहे. बॉट्युलिझम या विषबाधेच्या बॉट्युलिनमला मात्र ही पट्टी लावता येत नाही, कारण ते नाव विषावरून दिले जाते आणि त्याखाली जनुकीयदृष्ट्या भिन्न गट येतात. अशा नमुन्याच्या अहवालात नावासोबत गट आणि विषाचा प्रकार अवश्य लिहावा.