'डाँकी काँग ज्युनिअर' गेम अँड वॉच: बंद पडलेला संच कसा चालू करावा

वेलींवर चढायचं, मगरी आणि पक्षी चुकवायचे, किल्ली पकडायची. असं चारदा जमलं की ज्युनिअरचा पिंजऱ्यातला बाप, डाँकी काँग, सुटतो. निन्टेन्डोच्या 'गेम अँड वॉच' या हातात धरून खेळायच्या, घड्याळही असलेल्या संचांपैकी हा जंगली खेळ १९८२चा, मॉडेल डीजे-१०१. (१९८३च्या टेबलटॉप आणि पॅनोरमा आवृत्त्यांची रचना वेगळी, त्यांना हे लागू नाही.) बंद संच बहुतेकदा सेलपायीच बंद असतो. चिपवर संशय अगदी शेवटी घ्या.

सेल. दोन एलआर४३ बटण सेल लागतात. एजी१२ म्हणूनही मिळतात. एसआर४३ महाग, पण जास्त टिकतात. दुकानात एलआर४४ पुढे केले जातात, ते घेऊ नका. व्यास तोच, ११.६ मिमी, पण जाडी ४.२ऐवजी ५.४ मिमी. दाबून बसवले की संपर्काची पत्री वाकते आणि मग योग्य सेलही नीट टेकत नाही.

पपडी. खाचेत पांढरा-हिरवट थर असेल तर कापसाच्या काडीला पांढरं व्हिनेगर लावून पुसा. काडी ओली हवी, टपकणारी नको. थेंब आत गेला तर नवं दुखणं. फसफस थांबली की आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्या. पॉलिश पेपर घासू नका, मुलामा निघून पत्री लवकर गंजते.

तपासणी. सेल घालून 'एसीएल' (संच रीसेट करणारी) कळ टोकदार वस्तूने दाबा. पडद्यावरची सगळी चित्रं एकदम उमटतात: ज्युनिअर प्रत्येक जागी, सगळ्या मगरी, सगळे पक्षी. यात एखादा ज्युनिअर गायब असेल तर खेळताना तो त्या जागी अदृश्य होईल.

गायब चित्रं. मागचे स्क्रू काढा. काच आणि सर्किट बोर्ड यांच्यामध्ये रबरी पट्टी असते, तिला झेब्रा म्हणतात. बहुतेकदा खोट तिथेच: धूळ, तेलकटपणा किंवा सरकलेली पट्टी. पट्टीच्या कडा आणि बोर्डावरचे पट्टे अल्कोहोलने हलकेच पुसा, बोट लावू नका. जोडताना स्क्रू आधी उलटा फिरवा. 'टक्' झालं की जुन्याच आट्यांत बसला, मग आवळा. सगळे स्क्रू सारखे आवळले नाहीत तर एका बाजूची चित्रं पुन्हा फिकी पडतात.

पडद्यावर तपकिरी डाग असतील तर पोलरायझर (काचेवरची, प्रकाश गाळणारी पातळ फिल्म) बदलावा लागतो. चिकटवण्याआधी काचेवर धरून बघा: ९० अंश चुकला तर काळ्यावर पांढरं दिसतं.

कपाटात ठेवताना सेल काढून ठेवा.